शालेय रसायनशास्त्रातील रासायनिक बंधाची मांडणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

अणुरचना, रासायनिक बंध आणि आंतररेण्वीय बले हे तीन घटक म्हणजे रसायनशास्त्राच्या अध्यापनाचा पाया होय. मीठ पाण्यात का विरघळते, हिरा कठीण का असतो, पाणी शंभर अंशांना का उकळते, सजीवांच्या पेशीतील दुपदरी साखळी कशाने जोडलेली असते, या सर्व प्रश्नांची उत्तरे अखेरीस याच तीन घटकांपाशी येऊन पोहोचतात. पुढे विज्ञान शाखेकडे न जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर माध्यमिक शाळेत मिळालेली ही शिदोरीच आयुष्यभर पुरवायची असते. त्यामुळे या घटकांची शालेय मांडणी कशी होते, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राच्या शिक्षकांपुरता मर्यादित राहत नाही.

प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हे तिन्ही घटक वस्तुतः एकाच तत्त्वाचे, म्हणजे धन व ऋण विद्युतप्रभारांमधील आकर्षणाचे, तीन आविष्कार आहेत. शालेय मांडणीत मात्र मधल्या घटकात हे तत्त्व मागे पडते आणि त्याची जागा इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीची कथा घेते. परिणामी अणूकडून बंधाकडे आणि बंधाकडून आंतररेण्वीय बलाकडे जाणारा दुवा तुटतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पाठांचा क्रम आणि घटकांची विभागणी

राज्यात २०१८ साली लागू झालेल्या इयत्ता आठवीच्या ‘सामान्य विज्ञान’ या पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका या दृष्टीने बोलकी आहे. ‘अणूचे अंतरंग’ हा त्यातील पाचवा पाठ, ‘द्रव्याचे संघटन’ हा सहावा, तर ‘रासायनिक बदल व रासायनिक बंध’ हा तेरावा. अणूचे केंद्रक, त्याभोवतीची कवचे आणि इलेक्ट्रॉन संरूपण शिकल्यानंतर विद्यार्थी प्रदूषण, आपत्ती व्यवस्थापन, पेशी, मानवी शरीर असे पाठ ओलांडून बंधाच्या पाठापर्यंत येतो. द्रव्याच्या संघटनाचा विचार बंधाची ओळख होण्यापूर्वीच उरकलेला असतो. कण कशामुळे एकत्र राहतात हा प्रश्न अशा रीतीने दोन वेगवेगळ्या पाठांत विभागला जातो आणि त्या दोन उत्तरांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येण्यास वाव राहत नाही.

सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचे पाठ आलटून पालटून यावेत, यामागे निश्चित शैक्षणिक विचार आहे आणि तो त्याज्य ठरविण्याचे कारण नाही. तथापि पाठांमध्ये अंतर असेल तर त्यांना जोडणारे सूत्र अधिक ठळक असावे लागते. अणूच्या पाठात केंद्रक इलेक्ट्रॉनांना धरून ठेवते असे सांगितले जाते. हेच आकर्षण दुसऱ्या अणूच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोहोचले म्हणजे बंध तयार होतो, एवढे एक वाक्य तेराव्या पाठाच्या आरंभी ठसविले तरी पाचव्या पाठाशी त्याचे नाते जुळू शकते.

अष्टकाची कथा

रासायनिक बंधाचे शालेय स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असते. राजवायूंच्या बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात (हेलिअमच्या बाबतीत दोन), म्हणून ते स्थिर असतात. इतर अणूंनाही ही स्थिती प्राप्त करावयाची असते. त्यासाठी सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांचेही अष्टक पूर्ण होते. जेथे देणेघेणे शक्य नसते तेथे दोन अणू इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात.

ही कथा सोपी, आकर्षक आणि स्मरणात राहणारी आहे. तिच्या आधारे असंख्य संयुगांची सूत्रे अचूक लिहिता येतात, हा तिचा मोठा गुण मान्य करावयास हवा. मात्र सूत्र लिहिण्याचा नियम आणि बंध होण्याचे कारण या दोन भिन्न गोष्टी आहेत. शालेय मांडणीत नियमालाच कारणाचे स्थान मिळते. अणूला काहीतरी ‘हवे’ असते, तो काहीतरी ‘देतो’ आणि मिळाल्यावर ‘समाधानी’ होतो, अशा भाषेत बलाला जागाच उरत नाही.

या संदर्भात इतिहास लक्षात घेणे अगत्याचे ठरते. १९१६ साली गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोडीने होणाऱ्या बंधाची कल्पना मांडली आणि त्याच वर्षी वाल्थर कोसेल यांनी आयनांच्या निर्मितीची मांडणी केली. आठ इलेक्ट्रॉनांच्या गटाला ‘अष्टक’ हे नाव देऊन ती कल्पना सर्वत्र पोहोचविण्याचे कार्य १९१९ पासून अर्व्हिंग लँगम्यूर यांनी केले. स्वतः लुईस यांनी आठाच्या नियमापेक्षा दोनाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा, नियम अधिक मूलभूत मानला होता. त्या काळी क्वांटम यांत्रिकी अस्तित्वात नव्हती. हायड्रोजनच्या रेणूचे क्वांटम यांत्रिकीच्या आधारे स्पष्टीकरण वाल्टर हाइटलर व फ्रिट्झ लंडन यांनी १९२७ साली दिले. म्हणजे अष्टक ही निरीक्षणांतून हाती आलेली एक उपयुक्त नोंद होती. शंभर वर्षांनंतर शालेय वर्गात ती निसर्गाचे प्रयोजन होऊन बसली आहे.

या नियमाला असलेले अपवादही थोडेथोडके नाहीत. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन, तर सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती सहा बंध दिसतात. नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूत संयुजा इलेक्ट्रॉनांची संख्या अकरा, म्हणजे विषम आहे. तेथे सर्व इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागूच शकत नाहीत. १९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केले आणि ज्यांच्या ‘समाधानी’ वृत्तीवर ही सारी कथा उभी होती त्या राजवायूंपैकी एकानेच बंध जोडल्याचे सिद्ध झाले.

ऊर्जेचा हिशेब

अष्टकाच्या कथेची खरी कसोटी अपवादांवर लागत नाही. ती तिच्या सर्वांत लाडक्या उदाहरणावर, म्हणजे मिठावर लागते. वायुरूप सोडिअमच्या अणूपासून एक इलेक्ट्रॉन दूर करण्यासाठी प्रतिमोल सुमारे ४९६ किलोजूल ऊर्जा खर्च करावी लागते. क्लोरीनच्या अणूने तो इलेक्ट्रॉन स्वीकारला असता सुमारे ३४९ किलोजूल परत मिळतात. म्हणजे केवळ देवाणघेवाणीचा हिशेब मांडला तर प्रतिमोल सुमारे १४७ किलोजूलचा तोटाच होतो. सोडिअम स्वखुशीने इलेक्ट्रॉन ‘देऊन टाकतो’ हे विधान या आकड्यांसमोर टिकत नाही.

मग मीठ तयार का होते? याचे उत्तर पुढच्या पायरीत आहे. विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिक रचतात तेव्हा प्रतिमोल सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा मुक्त होते. सोडिअम धातूचे अणू सुटे करणे, क्लोरीनचे रेणू फोडणे आणि वर दाखविलेला तोटा हे सर्व वजा जाता सुमारे ४११ किलोजूल शिल्लक राहतात. अष्टक पूर्ण झाल्याचा आनंद या हिशेबात कोठेही जमेस धरलेला नाही. जमेची बाजू सर्वस्वी आकर्षणाची आहे. ऑक्साइड आयनाचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. ऑक्सिजनच्या सुट्या अणूला दुसरा इलेक्ट्रॉन देण्यासाठी बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते आणि ती पहिल्या इलेक्ट्रॉनच्या वेळी मिळालेल्या ऊर्जेहून बरीच अधिक असते. अष्टक पूर्ण होऊनही तोटाच! तो भरून निघतो तो स्फटिकातील आकर्षणामुळे.

येथे पाठ्यपुस्तकावर अन्याय होणार नाही याची काळजी घेतली पाहिजे. आठवीच्या पुस्तकात आयनिक बंधाची व्याख्या विरुद्ध प्रभाराच्या आयनांमधील विद्युत आकर्षणाच्या आधारेच केली आहे आणि ती योग्य आहे. परंतु त्या व्याख्येपूर्वी येणारे चित्र, बाण आणि इलेक्ट्रॉनांचे स्थलांतर इतकी जागा व्यापतात की व्याख्या शेवटची औपचारिक ओळ ठरते. परीक्षेतही ‘सोडिअम क्लोराइडची निर्मिती आकृतीसह स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की गुण बाणाला मिळतात. जे तपासले जाते तेच शिकविले जाते, हा अध्यापनातील जुना अनुभव येथेही प्रत्ययास येतो.

चित्रात एकच सोडिअम आणि एकच क्लोरीन असल्यामुळे आणखी एक गैरसमज रुजतो. मिठाचाही ‘रेणू’ असतो आणि ज्याने इलेक्ट्रॉन दिला त्याचाच घेणाऱ्याशी बंध जुळतो, असे विद्यार्थ्याला वाटू लागते. प्रत्यक्षात मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात व प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. कोणी कोणाला इलेक्ट्रॉन दिला या प्रश्नाला तेथे अर्थच उरत नाही. केथ टेबर यांनी इंग्लंडमधील विद्यार्थ्यांच्या आकलनाचा अभ्यास करून १९९० च्या दशकात नेमक्या याच समजुती नोंदविल्या. सात जादा इलेक्ट्रॉन घेऊन अष्टक पूर्ण केलेला सोडिअमचा आयन साध्या सोडिअम अणूहून अधिक स्थिर असेल, असे म्हणणारे विद्यार्थीही त्यांना आढळले. प्रभाराचा विचार सोडून केवळ आठ हा आकडा धरला की तर्क कोठवर जातो, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

परिभाषेचा प्रश्न

मराठी परिभाषेच्या अंगानेही या मांडणीचा विचार करणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीसाठी मराठी विज्ञानलेखनात ‘संदान’ हा शब्द वापरला जातो. संस्कृतात ‘संदान’ म्हणजे बांधण्याचा दोर, दावे. अर्थाच्या दृष्टीने बंधासाठी याहून समर्पक शब्द सापडणे कठीण. परंतु मराठी विद्यार्थ्याच्या कानावर त्यातील ‘दान’ तेवढे पडते आणि बांधण्याचा अर्थ लोपून पुन्हा देण्याघेण्याचाच अर्थ उरतो. शिक्षकाने या शब्दाची फोड करून सांगितली तर परिभाषा अडथळा न ठरता साहाय्यकारी होईल.

‘कवच’ या शब्दाचेही असेच आहे. कवच म्हणजे चिलखत. बंद, टणक व बाहेरच्याला आत न येऊ देणारे. ऊर्जेच्या पातळीसाठी हा शब्द रूढ झाल्याने इलेक्ट्रॉन ठरावीक वर्तुळांवर बसलेले असतात, हे नील्स बोर यांच्या १९१३ च्या प्रतिकृतीवर आधारलेले चित्र अधिकच पक्के होते. पूर्ण कवच म्हणजे बंद दार, आणि बंद दाराशी कोणाचा संबंध येणार, असा निष्कर्ष विद्यार्थी नकळत काढतो. हाच निष्कर्ष पुढे आंतररेण्वीय बलांच्या आकलनात आड येतो.

आंतररेण्वीय बले : विसरलेले टोक

प्रत्येक अणूचे अष्टक पूर्ण झाल्यावर व्यवहार संपला असे मानले, तर पुढचा प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्यांचे सर्व काही पूर्ण आहे असे रेणू परस्परांना का धरून ठेवतात? पाण्याचा रेणू अष्टकाच्या दृष्टीने पूर्ण आहे, तरीही पाणी द्रव का असते? राजवायूंना कोणाचीच गरज नाही, तर मग ते द्रवरूप होतातच कसे?

राजवायूंचे उत्कलनांक या ठिकाणी उद्बोधक ठरतात. हेलिअम उणे २६९, निऑन उणे २४६, अरगॉन उणे १८६, क्रिप्टॉन उणे १५३ आणि झेनॉन उणे १०८ अंश सेल्सिअसला उकळतो. अष्टक सर्वांचे सारखेच पूर्ण (हेलिअमचे द्विक), तरी उत्कलनांक क्रमाने चढत जातो. कारण अणूतील इलेक्ट्रॉनांची संख्या व अणूचा आकार वाढतो तसा इलेक्ट्रॉनांचा विस्तार अधिक सहज विचलित होतो आणि एका अणूतील क्षणिक द्विध्रुव शेजारच्या अणूत द्विध्रुव निर्माण करतो. योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ च्या प्रबंधात वायूंच्या रेणूंमधील आकर्षण विचारात घेतले होते. अशा क्षणिक द्विध्रुवांमधील बलाचे क्वांटम यांत्रिकीवर आधारित स्पष्टीकरण १९३० साली फ्रिट्झ लंडन यांनी दिले. हायड्रोजनच्या रेणूतील बंध उलगडणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एकानेच तीन वर्षांनी रेणूंमधील बल उलगडावे, यात या दोन विषयांचे नाते सूचित होते.

शालेय पातळीवर मात्र आंतररेण्वीय बलाचा उल्लेख स्थायूत अधिक, द्रवात कमी व वायूत नगण्य अशा एका तक्त्यापुरता उरतो. ते बल येते कोठून, याची चर्चा होत नाही. परिणामी पाणी उकळल्यावर हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात, हा गैरसमज वर्गावर्गांत भेटतो. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ४६३ किलोजूल लागतात. पाण्याची वाफ होण्यास मात्र प्रतिमोल सुमारे ४१ किलोजूल पुरतात. ही तुलना एकदा फळ्यावर लिहिली तरी उकळणे हा भौतिक बदल का, हे पाठांतराविना समजते. त्याचप्रमाणे हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांना उकळतो आणि त्याहून हलका रेणू असलेले पाणी मात्र १०० अंशांना, हा विरोधाभास मांडला की हायड्रोजन बंधाची गरज विद्यार्थ्यालाच भासू लागते.

अन्य विद्याशाखांचे नुकसानही येथेच होते. जीवशास्त्राच्या वर्गात डीएनएच्या दोन साखळ्या हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या असतात असे सांगितले जाते. ते बंध दुबळे असतात म्हणूनच साखळ्या उलगडू शकतात, हे मर्म बंधांच्या बलाची तुलना न शिकलेल्या विद्यार्थ्याला कळत नाही. एटीपीतील ‘ऊर्जासमृद्ध बंध’ तुटला की ऊर्जा बाहेर पडते, हे वाक्यही असेच दिशाभूल करते. बंध तोडण्यास नेहमी ऊर्जा लागते. ऊर्जा मिळते ती नवे, अधिक स्थिर बंध जुळताना. बंध म्हणजे आकर्षण ही कल्पना पक्की असलेल्यास हे वेगळे सांगावे लागत नाही.

माध्यमांतराचा पेच

मराठी माध्यमात दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत प्रवेश घेतो तेव्हा रसायनशास्त्र त्याला इंग्रजीतून शिकावे लागते. ‘अष्टक’, ‘संयुजा’, ‘सहसंयुज’ हे शब्द मागे राहतात. नवे शब्द येतात आणि त्यांच्यासोबत ऑर्बिटल, संकरण, द्विध्रुव आघूर्ण या नव्या कल्पनाही येतात. शाळेत जे कारण म्हणून शिकविले ते आता केवळ सोय असल्याचे कळते, आणि तेही परक्या भाषेत. भाषा आणि कल्पना एकाच वेळी बदलल्यामुळे आपले इंग्रजी कच्चे आहे की रसायनशास्त्र, हे विद्यार्थ्याला उमगत नाही. बहुतेक वेळा दोष तो स्वतःच्या इंग्रजीला देतो. प्रत्यक्षात त्याच्या मराठी शिक्षणाने त्याला पुढे नेता येईल अशी एकसंध कल्पना दिलेलीच नसते.

राष्ट्रीय पातळीवर या विषयाची जागा आणखी आक्रसली आहे. २०२२-२३ मध्ये एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार कमी करताना अकरावीच्या रसायनशास्त्रातून ‘द्रव्याच्या अवस्था’ हा संपूर्ण घटक वगळला. आंतररेण्वीय बलांचे क्रमवार विवेचन याच घटकात होते. हायड्रोजन बंधाचा भाग तेवढा बंधाच्या घटकात टिकून राहिला. दहावीच्या पुस्तकातून मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण वगळल्याबद्दल बरीच चर्चा झाली, ती योग्यच होती. आंतररेण्वीय बलांच्या गच्छंतीची मात्र फारशी दखल घेतली गेली नाही. ज्या विषयाला शालेय मांडणीत कधी मुळेच फुटली नव्हती, तो उपटताना आवाज होत नाही.

काही सूचना

या विवेचनाच्या आधारे काही सूचना करता येतील. पहिली, बंधाच्या पाठाचा आरंभ अष्टकापासून न करता आकर्षणापासून करावा : एका अणूचे केंद्रक दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनांनाही ओढते, हे विधान प्रथम यावे आणि अष्टक सूत्र लिहिण्याची खूण म्हणून नंतर यावे. दुसरी, मिठाचे पहिले चित्र दोन अणूंचे नसून स्फटिकाचे असावे. तिसरी, आयनिक, सहसंयुज व हायड्रोजन बंध आणि व्हॅन डर वाल्स बले यांची बलाच्या क्रमाने एकत्र तुलना एकाच पानावर द्यावी.

यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. खडेमीठ हातोडीने ठोकले तर फुटते आणि तांब्याची तार ठोकली तर चपटी होते. थर सरकताच सारखे प्रभार समोरासमोर येतात म्हणून मीठ फुटते, तर तांब्यातील मुक्त इलेक्ट्रॉन सरकलेल्या थरांनाही धरून ठेवतात. कपाटातील नॅप्थॅलीनची डांबरगोळी हळूहळू नाहीशी होते, कारण तिचे रेणू परस्परांपासून सुटतात; रेणूच्या आतील कार्बनचे बंध मात्र शाबूत राहतात, म्हणून वास नॅप्थॅलीनचाच येतो. पेन्सिल कागदावर उमटते ती ग्रॅफाइटचे थर दुबळ्या बलांनी बांधलेले असल्यामुळे. या तीन उदाहरणांत तिन्ही घटक एकत्र येतात.

समारोप

सोपे करून सांगणे हा शालेय शिक्षणाचा धर्म आहे आणि कोणतीही शालेय प्रतिकृती अपुरीच असणार, हे मान्य आहे. परंतु पुढे भर घालता येईल अशी अपुरी प्रतिकृती आणि पुढे मोडून टाकावी लागेल अशी प्रतिकृती यांत भेद केला पाहिजे. विरुद्ध प्रभार परस्परांना ओढतात ही कल्पना आठवीच्या विद्यार्थ्याला अवघड नाही आणि पदव्युत्तर वर्गातही ती खोटी ठरत नाही. इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीची कथा मात्र अकरावीच्या उंबरठ्यावरच सोडून द्यावी लागते. पाठ्यपुस्तकांच्या पुढील पुनर्रचनेत ‘अणूला काय हवे असते’ या प्रश्नाऐवजी ‘अणूवर कोणते बल कार्य करते’ हा प्रश्न केंद्रस्थानी आला, तर मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती माध्यम बदलले तरी न सुटणारा धागा राहील.